जबाब, कबुली आणि कायदा : जुन्नर-आंबेगावातील पोलीस चौकशीचा इतिहास

जुन्नर आणि आंबेगावच्या गावांत संशयिताला प्रश्न विचारण्याचा पहिला अधिकार इंग्रजी अमलाआधी गावच्या पाटलाकडे होता. पाटलाच्या हाताखाली महार, रामोशी किंवा त्या त्या भागातले जागले असत. रात्रीची गस्त, परक्या माणसाची खबर आणि चोरीचा माग ही त्यांची कामे. पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात ही व्यवस्था तपशिलाने आली आहे. चोरी झाली की जागल्या पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जाई आणि पुढचा माग शेजारच्या गावच्या जागल्याच्या स्वाधीन करी. ज्या गावच्या हद्दीत माग विरे, त्या गावाने चोर हजर करावा, माग पुढे काढून दाखवावा, नाहीतर गेलेल्या मालाची भरपाई करावी, असा शिरस्ता होता. जबाबदारी आधी गावाची आणि मग माणसाची. त्यामुळे संशय आला की गावच आपल्यातल्या दुबळ्या माणसाला पुढे करण्याची भीती या व्यवस्थेत कायम होती.

एकदा संशयित हाती आला, की त्याच्या बाजूने कोणताही नियम उभा नव्हता. गुन्हा कबूल करून घेण्यासाठी मारहाण आणि छळ करणे हे त्या काळच्या फौजदारी न्यायाचे मान्य साधन होते. वतनाच्या आणि हक्काच्या तंट्यांत पुरावा अपुरा पडला तर दिव्य करावे लागे. उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा हाताने काढायचा आणि हात भाजला की नाही यावरून खरेखोटे ठरवायचे, ही त्यातली एक रीत.

पश्चिमेकडच्या डोंगरी पट्ट्यात, म्हणजे भीमाशंकरपासून नाणेघाट आणि त्यापलीकडच्या मावळांत, महादेव कोळ्यांची स्वतःची न्यायसभा होती. तिला गोतर्णी म्हणत. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉशने १८३० च्या दशकात या जमातीवर जो वृत्तान्त लिहिला, त्यात गोतर्णीच्या वंशपरंपरागत मानकऱ्यांची नावे आहेत. सभेचा निवाडा न मानणाऱ्याच्या दारावर मेलेल्या गुराचे हाड बांधण्याचे काम हाडक्याचे. त्याच्या घरातली मातीची मडकी काढून घेण्याचे काम मडक्याचे. दारावर हाड लागले की त्या घराशी पाणी, विस्तव आणि सोयरीक तुटे. ही शिक्षा कठोर होती, पण ती देणारे आणि भोगणारे एकमेकांची भाषा बोलत, एकमेकांना ओळखत. पुढे कचेरीतून जी चौकशी आली तिच्यात नेमके हेच उरले नाही.

इंग्रजांनी १८२७ मध्ये मुंबई इलाख्यासाठी अधिनियमांची संहिता केली आणि पोलीस, फौजदारी न्याय व शिक्षा यांची लेखी चौकट घालून दिली. कागदावर हा मोठा बदल होता. जुन्नरच्या डोंगरात मात्र ती वर्षे बंडाची होती. जुने नाईक आणि किल्ल्यांवरचे शिबंदीचे लोक यांची कामे गेली, सावकाराचे लेख आले आणि मावळातले तरुण हत्यार घेऊन निघाले. जुन्नरकडचा रामा किरवा १८३० च्या सुमारास पकडला गेला आणि त्याला अहमदनगरला फाशी झाली. १८३९ मध्ये कोळ्यांच्या टोळ्यांनी घोडेगावच्या महालाच्या कचेरीला वेढा घातला. त्यानंतर पन्नासहून अधिक लोकांवर खास न्यायालयात खटला चालला आणि फाशी गेलेल्यांत रामचंद्र गणेश गोरे हे ब्राह्मण पुढारीही होते. आजच्या आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या घोडेगावाने सरकारी चौकशीचा पहिला मोठा धडाका पाहिला तो असा.

या काळातल्या चौकशीचे एक प्रकरण विसरता येण्यासारखे नाही. महादेव कोळ्यांचे पुढारी राघोजी भांगरे शेजारच्या अकोले भागातले, पण त्यांचा वावर जुन्नरच्या डोंगरांपर्यंत होता. त्यांचा ठावठिकाणा काढण्यासाठी पोलिसांच्या तुकडीने त्यांच्या आईचा छळ केला. ही गोष्ट लोककथेपुरती राहिलेली नाही. इंग्रज सरकारच्या गॅझेटियरातच ती नोंदली गेली आहे, आणि त्यामुळे चिडून राघोजींनी टोळी जमवली व सावकारांवर हल्ले चढवले, असे कारणही तिथेच दिले आहे. राघोजी २ जानेवारी १८४८ रोजी पंढरपूरला पकडले गेले आणि त्याच वर्षी २ मे रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. आईकडून जी माहिती काढायची होती ती मिळाली की नाही, यापेक्षा तिच्या छळाने पेटलेले बंड कितीतरी महाग पडले. गुन्हा न केलेल्या नातेवाइकाला ठाण्यात बसवून ठेवून आरोपीला हजर व्हायला भाग पाडण्याची रीत आजही बेकायदा आहे आणि आजही ऐकू येते. तिचे मूळ इतके जुने आहे.

विशेष म्हणजे ज्या जमातीवर संशय धरला जाई, तिच्यातूनच सरकारने पोलीसही उभे केले. १८५७ च्या धामधुमीत नटॉल या अधिकाऱ्याने महादेव कोळ्यांची पलटण उभारली. तिच्यातले जवान जुन्नर-अकोल्याच्या मावळांतले होते. १८६१ मध्ये ही पलटण मोडण्यात आली.

त्याच १८६१ साली फौजदारी प्रक्रियेची पहिली अखिल भारतीय संहिता झाली आणि तिच्यात एक असे कलम आले ज्यावर पुढची सगळी इमारत उभी आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही, असे ते कलम. १८५५ मध्ये मद्रास इलाख्यातल्या छळाच्या चौकशी आयोगाने जे उघड केले होते, त्याची आठवण ताजी होती. पोलीस कबुलीवर भिस्त ठेवतात, कबुलीसाठी मारतात, आणि कबुली मिळाली की पुढचा तपास करत नाहीत, हे राज्यकर्त्यांना कळून चुकले होते. उपाय साधा होता : ठाण्यातल्या कबुलीची किंमतच शून्य करायची. १८७२ च्या पुरावा कायद्यात हा नियम कलम २५ आणि २६ म्हणून आला. परकीय सरकारने आपल्याच पोलिसांवर दाखवलेला हा अविश्वास होता आणि स्वतंत्र भारताने तो जसाच्या तसा ठेवला, यावरून त्याची गरज ध्यानात येते.

कलम २७ ने मात्र एक दार उघडे ठेवले. आरोपीने सांगितलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला भाग पुराव्यात येतो. उसाच्या फडात लपवलेला कोयता काढून देतो, असे आरोपी सांगतो. दोन पंच बोलावले जातात. निवेदन पंचनामा लिहिला जातो. पोलीस, पंच आणि आरोपी गाडीतून फडापर्यंत जातात. आरोपी कोयता काढून देतो आणि जप्तीचा दुसरा पंचनामा होतो. कोयता तिथे आहे हे त्याला ठाऊक होते, एवढेच यातून सिद्ध होते. ‘याच कोयत्याने मारले’ हे वाक्य पंचनाम्यात लिहिलेले असले तरी न्यायालय ते वाचत नाही. १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात ही सीमारेषा आखून दिली. प्रत्यक्षात कित्येक खटले याच एका नियमावर उभे राहतात आणि पंच फितूर झाले की त्याच नियमावर कोसळतात.

गावपातळीवर प्रश्न वेगळा होता : पाटील पोलीस की गावकरी? १८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने पाटलाला गुन्ह्याची खबर घेण्याचे, प्राथमिक तपासाचे आणि संशयिताला धरून ठाण्याकडे पाठवण्याचे काम दिले. मग त्याच्यापुढे चावडीत दिलेल्या कबुलीचे काय? मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकातच पोलीस पाटलाला पोलीस अधिकारी मानून अशी कबुली नाकारली. पुढे या मुद्द्यावर वेगळी मतेही आली. वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस कायद्याने नेमणुकीचा पोलीस पाटील आला. ठाण्याचे बोलावणे गावात आजही बहुधा त्याच्याच तोंडून पोहोचते, आणि तोंडी बोलावण्याला कायद्यात आधार किती, हे विचारण्याची हिंमत गावकऱ्याला क्वचित होते.

नव्या कायद्याचा लाभ डोंगराला लगेच झाला नाही. आंबेगावच्या जांभोरीचा होन्या भागोजी केंगले याने १८७३ पासून सावकारांवर हल्ले सुरू केले. त्याच्या डोक्यावर सरकारने १,००० रुपयांचे इनाम लावले, पुणे, ठाणे आणि नगर जिल्ह्यांतून खास पोलीस आणले आणि १८७६ मध्ये मेजर डॅनियलने त्याला पकडले. याच डॅनियलने १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनाही पकडले. फडक्यांच्या टोळीचा पहिला दरोडा आंबेगावाजवळच्या शिरूर तालुक्यातील धामारीचा होता. पुण्यातल्या खटल्यात फडक्यांची स्वतःची रोजनिशी त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरली. या खटल्यात त्यांच्या बाजूने सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, उभे राहिले. सरकारविरुद्ध शस्त्र धरलेल्या माणसालाही वकील मिळाला पाहिजे, हे त्यांनी उघडपणे मानले. होन्याच्या टोळीतल्या साध्या कोळ्यांसाठी पुण्याहून कोण वकील येणार होता? वकिलाचा हक्क शहरातून डोंगरात पोहोचायला आणखी शंभर वर्षे लागली.

कायद्याला बगल देण्याचे मार्गही त्याच काळात वापरले गेले. १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँडच्या खुनानंतर पुण्याच्या नातू बंधूंना १८२७ च्या २५ व्या अधिनियमाखाली खटल्याशिवाय अटकेत ठेवण्यात आले. सत्तर वर्षांपूर्वीचा कायदा त्यासाठी बाहेर काढला गेला. पारधी, कैकाडी, भामटे यांसारख्या जमातींना गुन्हेगार जमाती कायद्याखाली नोंदवून त्यांच्यावर हजेरी लादण्यात आली. ठरलेल्या वेळी पाटलाकडे किंवा चौकीत जाऊन हजर व्हायचे, गाव सोडायचे तर परवाना घ्यायचा. गुन्हा केला नसला तरी जन्मच संशयाला पुरेसा. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हटल्या गेल्या. चोरी झाली की पहिली गाडी पालावर जाण्याची सवय तेवढी उरली. कायदा रद्द करायला एक दिवस पुरतो, ठाण्यातली सवय तशी जात नाही. १९०२ मध्ये नेमलेल्या फ्रेझर आयोगाने पोलीस दलाला अकार्यक्षम, भ्रष्ट आणि जुलमी म्हटले होते, तरीही चौकशीची पद्धत फारशी हलली नाही.

२६ जानेवारी १९५० पासून या नियमांना घटनेचा पाया मिळाला. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही, हे अनुच्छेद २० च्या तिसऱ्या खंडात आले. अटकेची कारणे कळणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेणे आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर होणे, हे अनुच्छेद २२ मध्ये आले. या अनुच्छेदाची कथा महत्त्वाची आहे. जीवित आणि स्वातंत्र्याच्या अनुच्छेदातून ‘योग्य प्रक्रिया’ ही शब्दयोजना वगळली गेली होती, त्यामुळे संसदेने केलेला कोणताही कायदा पुरेसा ठरण्याचा धोका होता. ती उणीव भरून काढण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये १५-अ हा नवा अनुच्छेद मांडला. तोच पुढे २२ झाला. हे हक्क फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीही होते, पण विधिमंडळाला ते सहज काढून घेता येत होते. घटनेत गेल्यावर ते विधिमंडळाच्या हाताबाहेर गेले. त्याच अनुच्छेदात प्रतिबंधक स्थानबद्धतेला दिलेली मुभा ही मात्र त्याची उणी बाजू.

आदिवासी स्त्री पोलीस ठाण्यात गेली तर काय घडू शकते, हे महाराष्ट्राला १९७२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यातल्या घटनेने दाखवले. मथुरा या आदिवासी मुलीवर ठाण्याच्या आवारात अत्याचार झाला आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले. देशभर उठलेल्या संतापातून १९८३ मध्ये कायदा बदलला. स्त्रीला जबाबासाठी तिच्या राहत्या घराबाहेर बोलावता येणार नाही, हा नियम त्याआधीपासून होता. १९७८ च्याच नंदिनी सत्पथी निकालाने त्याची आठवण पोलिसांना करून दिली आणि आरोपीचा गप्प राहण्याचा हक्क ठाण्यातल्या चौकशीलाही लागू आहे, हे सांगितले.

हक्क सांगण्याच्या बाबतीत सर्वांत ठोस पाऊल महाराष्ट्रातूनच पडले. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातल्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांची स्थिती सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवली. १५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालाने स्त्रियांसाठी वेगळी कोठडी आणि चौकशीच्या वेळी महिला पोलीस यांचा आदेश दिला. त्याहूनही महत्त्वाचे पुढचे. अटक झालेल्या माणसाचे हक्क मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून राज्यातल्या प्रत्येक कोठडीत लावावेत आणि आणल्याबरोबर त्याला समजेल त्या भाषेत ते वाचून दाखवावेत, असे न्यायालयाने सांगितले. निरक्षर माणसासमोर भिंतीवरचा कागद मुका आहे, हे न्यायालयाने ओळखले होते. वाचून दाखवण्याचा हा आदेश पाळला गेला असता, तर पुढच्या कितीतरी निकालांची गरज कमी झाली असती. १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला खबर आणि दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. त्यातले बरेचसे नंतर संहितेत उतरले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्यात बोलावणे कोणत्या कलमाखाली आले, यावर सगळे अवलंबून असते. कलम १७९ ची लेखी सूचना साक्षीदाराला असते आणि ती त्या ठाण्याच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीत राहणाऱ्यालाच देता येते. स्त्री, १५ वर्षांखालील मूल, ६० वर्षांवरील व्यक्ती, अपंग आणि गंभीर आजारी माणूस यांना ठाण्यात यावे लागत नाही. जबाब घ्यायचा तर पोलिसांनी घरी जावे. आहुपे गावच्या वृद्धेला घोडेगावपर्यंत एसटीने यायला लावणे या कलमात बसत नाही. कलम १८० खाली खरे उत्तर देणे बंधनकारक आहे, पण जे उत्तर स्वतःलाच गुन्ह्यात अडकवेल ते देण्याची सक्ती नाही. या जबाबावर सही घेता येत नाही, हे कलम १८१ स्पष्ट सांगते. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा मागणे तर कोणत्याच कलमात नाही.

कलम ३५ ची नोटीस संशयिताला येते. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत अटक टाळून ही नोटीस द्यावी, हा २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाचा आग्रह. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला लेखी कारणांशिवाय अटक करता येत नाही. अटक झालीच तर पंचनाम्यावर घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष लागते. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येते, मात्र वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही. अटकेची कारणे समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत, आणि तोंडी सांगितली असतील तर निदान रिमांडच्या दोन तास आधी तरी कागद हातात पडावा, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या खटल्यात ठरवले. नव्या संहितेने पोलिसांची बाजूही वाढवली आहे : पंधरा दिवसांची पोलीस कोठडी आता सलग घ्यावी लागत नाही, पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येते. जामिनाची वाट पाहणाऱ्या गरीब आरोपीच्या दृष्टीने हा बदल चिंतेचा आहे.

आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात आणखी एक खाचखळगा आहे. भीमाशंकर हे १९८५ पासून अभयारण्य आहे आणि तिथे चौकशी करणारा बऱ्याचदा वनखात्याचा माणूस असतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ५० प्रमाणे सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकृत अधिकाऱ्याने आरोपीसमोर नोंदवलेला पुरावा न्यायालयात ग्राह्य धरता येतो. पोलिसांपुढच्या कबुलीला जी ढाल आहे, ती वनाधिकाऱ्यापुढे तशी मिळत नाही. हिरडा, लाकूड आणि शिकारीच्या प्रकरणांत अडकणाऱ्या आदिवासींना हा फरक सांगितला जाण्याची गरज सर्वांत जास्त आहे.

पुणे ग्रामीण पोलिसांची जुन्नर, नारायणगाव, ओतूर, आळेफाटा, मंचर, घोडेगाव आणि पारगाव ही ठाणी आज या दोन तालुक्यांत आहेत. वडाळा रेल्वे पोलिसांच्या कोठडीतील मृत्यूच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये राज्यातल्या ठाण्यांत सीसीटीव्ही बसवण्यास सांगितले. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसाच आदेश देशभरासाठी दिला आणि चित्रण जपून ठेवण्याची सक्ती केली. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर अर्ज करता येतो किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. ठाण्याने तक्रार घेतली नाही तर ती टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी आणि तिथेही दाद लागली नाही तर जुन्नर किंवा घोडेगावच्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज द्यावा, हा मार्ग संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे.